हें कशाचें चित्र?

टॅब्लेटच्या काचेवर लेखणीनें एक रेषा ओढावी, पुढच्या चित्रांत तीच किंचित् सरकवावी, आणि अशीं शेंकडों चित्रें एकामागून एक भराभर दाखवून ती रेषा डोळ्यांदेखत वळूं, फुटूं, विरूं द्यावी, हा छंद हल्लीं वरच्या वर्गांतील कांहीं मुलांमुलींस लागला आहे. या चलच्चित्रांत राजा नाहीं, राणी नाहीं, ससा किंवा सिंह नाहीं. केवळ रंग, आकार आणि गति. यास अमूर्त ॲनिमेशन म्हणतात. घरांतील वडील मंडळी तें पाहून एकच प्रश्न करितात, ‘हें कशाचें चित्र?’ मुलास उत्तर सुचत नाहीं, आणि वेळेचा अपव्यय म्हणून लेखणी काढून घेतली जाते. माझ्या मतें तो प्रश्नच येथें अस्थानीं आहे.

तराणा ऐकतांना त्यांतील अक्षरांचा अर्थ आपण पुसत नाहीं. दारापुढील ठिपक्यांची रांगोळी कशाची, असें कोणी विचारीत नाहीं; परंतु एक ठिपका चुकला तर तें तत्काळ नजरेस येतें. तेथें गोष्ट नसली तरी नियम आहे, तोल आहे. अमूर्त चलच्चित्राचेंहि तसेंच आहे.

ही कला कांहीं कालपरवांची नव्हे. ऑस्कर फिशिंगर या जर्मन कलावंतानें अमेरिकेंत १९४७ सालीं ‘मोशन पेंटिंग नंबर १’ हा चित्रपट पुरा केला. पारदर्शक तक्त्यावर तैलरंगाचा एक फटकारा मारावा, लगेच कॅमेऱ्यानें एक चित्र टिपावें, पुन्हां दुसरा फटकारा, अशी त्याची रीत होती. त्यास साथ बाखच्या संगीताची. जॉन व्हिटनी यानें १९६८ सालीं ‘पर्म्यूटेशन्स’ या चित्रपटांत संगणकाकडून ठिपके नाचवून घेतले. आपल्या मुंबईंतहि चित्रकार अकबर पदमसी यांनीं १९७० च्या सुमारास ‘सिझिजी’ हा मूक चित्रपट केला; तो सर्वस्वीं रेषांचा व बिंदूंचा असून त्यामागें गणिती नियमानें रेखाटलेलीं शेंकडों चित्रें आहेत. तिघांचीं साधनें निराळीं. तथापि पुढची रेषा कोठें जावी, याचा विचार तिघांनाहि करावाच लागला.

आतां कोणी म्हणेल, ‘तो काळ कष्टाचा होता, आज सर्व कांहीं यंत्र करितें.’ या आक्षेपांत तथ्य नाहीं असें नाहीं. चित्रपटांत सेकंदास २४ चित्रें दिसतात. एकेक चित्र दोनदां दाखविलें तरी सेकंदास १२, म्हणजे मिनिटास ७२० चित्रें काढावीं लागतात. टॅब्लेटवर मागील चित्र पुसट दिसत राहतें, चुकलेली रेषा एका स्पर्शानें नाहींशी होते. या सोयी उपकारकच आहेत. परंतु मधलीं चित्रें आपणहून भरून देण्याची सोयहि यंत्रांत असते. आणि आतां तर नुसती आज्ञा केली असतां अख्खें चलच्चित्र पुढें ठेवणारीं यंत्रें निघालीं आहेत. खरा धोका येथें आहे. गोष्टीच्या चित्रांत सिंहाचा पाय वांकडा पडला तर कोणासहि कळतें. अमूर्त चित्रांत मात्र यंत्रानें दिलेला कोणताहि झगमगाट ‘कला’ म्हणून खपून जातो. मुलगा निवड करण्याचेंच सोडून देतो, आणि त्याची त्यास जाणीवहि होत नाहीं.

म्हणून पालकांस माझी विनंती अशी कीं, ‘हें कशाचें चित्र?’ असें न विचारतां ‘ही रेषा येथेंच कां वळविलीस?’ असें विचारावें. मुलानें कारण सांगितलें, मग तें कितीहि बाळबोध असो, तर तें काम त्याचें आहे, व त्यांत गेलेला वेळ वायां गेलेला नाहीं. कारण सांगतां आलें नाहीं, तर चित्र कितीहि देखणें असो, तें यंत्राचें आहे.

विद्यार्थी मित्रहो, यासाठीं महागडें साधन घेण्याची घाई करूं नका. जुन्या वहीच्या कोपऱ्यांत एक ठिपका काढा, पुढील पानावर तो थोडा हलवा, आणि पानें भराभर उलटा. दहा सेकंदांच्या हालचालीस १२० पानें पुरेत. तेवढीं पानें ज्यानें विचारपूर्वक भरलीं, त्याच्या हातीं उद्यां टॅब्लेट आला तरी तो यंत्राचा चाकर होणार नाहीं.