जाऊ द्या, कशाला कटकट!

गेल्या पावसाळ्यातला एक आठवडा आमच्या घरात ‘कटकटींचा आठवडा’ म्हणून कायमचा नोंदला गेला आहे. सोमवारी आत्या एटीएमवर पैसे काढायला गेली. यंत्राने घरघर केली, पडद्यावर ‘धन्यवाद’ झळकले, खात्यातून ५,००० रुपये वजा झाल्याचा संदेशही मोबाइलवर आला. फक्त नोटा तेवढ्या बाहेर आल्या नाहीत. बुधवारी घरच्यांनी मागवलेला मिक्सर ‘घरपोच झाला’ असे फोनने कळवले. घरी कोणी आले नव्हते, वॉचमनला काही माहीत नव्हते आणि शेजारीपाजारीही कानावर हात ठेवत होते. शनिवारी आमची गाडी गॅरेजमधून आली. ‘पुढून खडखड आवाज येतो’ म्हणून दिली होती. दोन्ही शॉकअप नवे बसले, साडेनऊ हजारांचे बिल झाले आणि गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पहिल्याच खड्ड्यात तीच खडखड पूर्वीच्याच उत्साहाने ऐकू आली.

रात्री जेवताना मी सगळ्यांच्या वतीने निकाल देऊन टाकला, ‘जाऊ द्या, कशाला कटकट!’ हे वाक्य म्हणजे मध्यमवर्गाचे रामबाण औषध. त्याने दुखणे बरे होत नाही, पण झोप लागते. आत्याला मात्र ते औषध लागू पडत नाही. चौतीस वर्षे शाळेत शिकवून ती निवृत्त झाली आहे. ती म्हणाली, ‘अरे, पाच हजार कमवायला मला १९८० मध्ये किती महिने लागत होते ठाऊक आहे का? जाऊ कसे द्यायचे?’ आणि तिने आपली वही काढली.

अशा वेळी जुने दिवस किती चांगले होते, असे म्हणण्याची पद्धत आहे. ते तितकेसे खरे नाही. बँकेत पितळी टोकन घेऊन तासभर बसावे लागे, टेलिफोनसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे, गॅसच्या सिलिंडरसाठी ओळख काढावी लागे. कटकट तेव्हाही होती. पण त्या कटकटीला एक चेहरा होता. काउंटरमागचा कारकून, दारावरचा पोस्टमन, हाताला ग्रीस लागलेला मिस्त्री यांच्याशी भांडता येई, आणि दुसऱ्या दिवशी ओशाळून चहाही पिता येई.

आता तो चेहरा गेला आहे. ज्याच्यावर आपण ओरडतो त्याच्या हातात काही नसते, आणि ज्याच्या हातात असते तो कुठे दिसत नाही. पार्सल घेऊन येणाऱ्या मुलाला दिवसभरात ठरावीक पुडकी संपवायची असतात. भर पावसात दुचाकीवरून फिरताना त्याचा फोन त्याला सारखा पुढे ढकलत असतो. बँकेतल्या मुलीला एटीएमच्या पोटात काय झाले ते दिसत नाही. गॅरेजच्या काचेच्या केबिनमध्ये बसलेल्या तरुणाने गाडीचे बॉनेट उघडलेलेही नसते. तेव्हा आवाज चढवून आपले रक्त आटते, काम होत नाही. चेहरा नसलेल्या व्यवस्थेशी बोलायची भाषा एकच उरली आहे, आणि ती म्हणजे लेखी भाषा.

आत्याला हे उपजतच कळत होते. तिने वहीत तारीख, वेळ, यंत्र कुठल्या रस्त्यावरचे, संदेशातला व्यवहार क्रमांक, सारे टिपून ठेवले होते. मंगळवारी तिने अर्ज लिहिला, दोन प्रती केल्या आणि एका प्रतीवर बँकेचा शिक्का घेऊन आली. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये काढलेले एक परिपत्रक तिच्या कामी आले. खात्यातून पैसे वजा झाले आणि एटीएममधून बाहेर आले नाहीत, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत बँकेने ते परत जमा केले पाहिजेत. त्याहून उशीर झाल्यास दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची, आणि तीही ग्राहकाने मागण्याची वाट न पाहता. यूपीआयने एखाद्या व्यक्तीला पाठवलेले पैसे वाटेत अडकले तर मुदत याहून कमी, एकाच दिवसाची.

आत्याचे पैसे अकराव्या दिवशी जमा झाले. मी म्हटले, ‘झाले ना काम?’ ती म्हणाली, ‘सहा दिवस उशीर. सहाशे रुपये राहिले.’ पुन्हा अर्ज गेला. त्यात शेवटी एक साधे वाक्य होते की, ३० दिवसांत दाद मिळाली नाही तर मला रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे लागेल. त्या मार्गाला शुल्क लागत नाही, हेही तिने चौकशी करून ठेवले होते. सहाशे रुपये आठवडाभरात आले.

मिक्सरचेही तसेच झाले. माझी फोनवरची तीन भांडणे वाया गेल्यावर मुलीने कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ई-मेल पाठवला. सोबत ऑर्डरचा क्रमांक आणि फाटकावरच्या नोंदवहीचा फोटो जोडला. त्या दिवशी त्या वेळेला पार्सलवाला आत आल्याची नोंदच त्यात नव्हती. ई-व्यापाराच्या २०२० सालच्या नियमांनुसार अशी तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निकाल महिन्याभरात द्यावा लागतो. पैसे परत आले. तो मिक्सर आज कुणाच्या घरी चटणी वाटतो आहे, देव जाणे!

एक सावधगिरी मात्र हवी. घाईघाईने मोबाइलवर ‘ग्राहक सेवा’ असे शोधून जो पहिला नंबर दिसेल तो फिरवू नये. तिथे बऱ्याचदा चोरच गोड आवाजात बोलत असतो. बँकेचा नंबर कार्डाच्या पाठीवर छापलेला असतो, तोच लावावा. आणि फसवणूक झालीच, तर लाजून गप्प न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. तिथे मिनिटामिनिटाला किंमत असते.

राहिली गाडी. त्या साडेनऊ हजारांतला एक रुपयाही परत आला नाही, आणि दोष माझाच होता. गाडी देताना जॉब कार्डावर ‘खडखड आवाज’ असे लिहून घेतले नव्हते. नुसते ‘सर्व्हिसिंग’ लिहिले होते. खर्चाचा अंदाज तोंडी होता. काढलेले जुने शॉकअप मागितले, तर ‘भंगारात गेले’ असे उत्तर मिळाले. पुढे कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या मिस्त्रीने गाडी एकदा गतिरोधकावरून नेली, खाली वाकून हात घातला आणि म्हणाला, ‘साहेब, लिंक रॉड गेलाय. शॉकअपला काही झालं नव्हतं.’ नऊशे रुपयांत आवाज थांबला. मी त्या गॅरेजला काय दाखवणार होतो? माझ्याकडे कागदच नव्हता.

कागद नुसता ठेवूनही भागत नाही, तो वाचावाही लागतो. आमच्या शेजाऱ्यांची गाडी मागून ठोकली गेली. ‘विमा फुल आहे’ म्हणून ते निश्चिंत होते. बंपर बदलल्यावर कळले की, साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांची निम्मी किंमत घसारा म्हणून कापली जाते. हे पॉलिसीत छापलेले होते. पण पॉलिसी कपाटातल्या पिशवीत होती, तिथून ती बाहेर आली ती अपघातानंतरच.

या देशात ग्राहकाला मान मिळावा म्हणून खूप माणसे झटली आहेत. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा ग्राहकाचा असा कायदाच नव्हता. तो झाला १९८६ च्या डिसेंबरात. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला आणि २० जुलै २०२० पासून लागू झाला. आता तक्रार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, कंपनीचे कार्यालय कुठेही असो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असे नाही. दोन वर्षांच्या आत मात्र जावे लागते. त्याआधीची पायरी म्हणून १९१५ हा मदत क्रमांक आहे. आयोगात तारखा पडतात, प्रकरणे रेंगाळतात, हे खरे. पण बहुतेक कटकटी तिथवर जातच नाहीत. शिक्का मारलेल्या एका अर्जावर त्या मिटतात.

तरी आपण अर्ज लिहीत नाही. वेळ नसतो, शंभर-दोनशे रुपयांसाठी भांडणे कमीपणाचे वाटते. पण आपल्या ‘जाऊ द्या’चा हिशेब कुठेतरी मांडला जातो. दहा जणांपैकी नऊ जण सोडून देतात हे समोरच्याला पक्के ठाऊक झाले, की चूक सुधारण्यापेक्षा चूक चालू ठेवणे स्वस्त पडते. त्याचा भुर्दंड शेवटी त्याला बसतो ज्याला अर्ज लिहिता येत नाही आणि ज्याच्यासाठी पाचशे रुपये म्हणजे आठवड्याचा किराणा असतो.

आत्याने ते सहाशे रुपये खर्च केले नाहीत. गुरुवारी भजनी मंडळात तिने पासबुकातली ती नोंद सगळ्यांना दाखवली. भजन संपल्यावर दोघीजणी मागे थांबल्या. एकीने पिशवीतून आपले पासबुक काढले आणि विचारले, ‘बाई, माझंही जरा बघता का? मार्चमध्ये यंत्रातून पैसे आलेच नव्हते. मी म्हटलं, जाऊ दे.’

आत्याने चष्मा लावला आणि वहीचे नवे पान उघडले.