तिकिटाखालचा किलोचा आकडा

गेल्या महिन्यात आमच्या घरी उमऱ्याच्या तिकिटांचा शोध चालू होता. नानींचा हा पहिलाच उमरा. इशाच्या नमाजनंतर जेवणे उरकली, दस्तरखान उचलला गेला आणि भाचीने मोबाइलवर मुंबई-जेद्दा टाकले. भाड्याच्या खाली बारीक अक्षरांत आणखी एक आकडा दिसला, किलोमध्ये. नानींना वाटले, सामानाची मर्यादा असेल. "एवढे नेता येते? मग जमजमचे दोन कॅन आणू," त्या म्हणाल्या. भाचीने समजावले की हे सामान नाही, आपल्या एका सीटमागे विमान हवेत सोडणार तो कार्बन डायऑक्साइड आहे. नानींनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. "हवेचे वजन कोण करते, बेटा?"

प्रश्न साधा होता, पण आम्हाला लगेच उत्तर देता आले नाही. त्यात भाचीने दुसरी साइट उघडली, तर त्याच विमानाला वेगळाच आकडा! भाड्यात फरक असतो हे ठाऊक होते, धुरातही असतो हे नवे होते. मग दोन-तीन रात्री आम्ही हाच उद्योग केला. वाचकांपैकीही अनेकांच्या घरी येत्या काही महिन्यांत हज-उमऱ्याची किंवा सुट्टीतल्या सहलीची तिकिटे काढली जातील, म्हणून हा हिशेब इथे मांडत आहोत.

हवेचे वजन कोणी करत नाही, इंधनाचे करतात. विमानाचे इंधन एक किलो जळले की 3.16 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. एकाचे तीन कसे होतात, असे कोणीही विचारेल. इंधनातला कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन पकडतो आणि वजनाचा मोठा भाग त्या ऑक्सिजनचाच असतो. मुंबई-जेद्दा अंतर सरळ रेषेत सुमारे 3,500 किलोमीटर आहे. समजा, 180 सीटचे विमान या प्रवासात 13 टन इंधन जाळते. म्हणजे 41 टन कार्बन डायऑक्साइड. विमानात 170 माणसे असतील तर माणशी 241 किलो. जाऊन-येऊन 480 किलोच्या वर.

नानींना हे किलो समजावेत म्हणून आम्ही स्वयंपाकघराकडे वळलो. घरगुती गॅसच्या सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो आणि तो पूर्ण जळाला की साधारण 42 किलो कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणजे एका माणसाचा एक उमरा, फक्त विमानाचा, अकरा-साडेअकरा सिलिंडर. नानींचा एक सिलिंडर महिना-सव्वा महिना पुरतो. वर्षभर त्यांनी अख्ख्या घरासाठी रांधले, त्याचा जेवढा धूर, तेवढा त्यांच्या एका सीटचा. भारतात एका माणसामागे वर्षाला सरासरी दोन टन कार्बन डायऑक्साइड निघतो, त्यातलाही जवळपास चौथा हिस्सा अकरा तासांच्या उड्डाणात संपतो.

आता दोन साइटचे आकडे वेगळे का, ते पाहू. आपण 170 माणसे धरली. त्याच विमानात 120 असती तर वाटणी माणशी 342 किलो झाली असती. रिकाम्या सीटचा धूर भरलेल्या सीटवर पडतो. मग सामान आहे. आपल्या पायाखालच्या कप्प्यात कोणाचा तरी व्यापारी माल चाललेला असतो. त्याचा हिस्सा वजा केला तर प्रवाशाचा आकडा उतरतो. आमच्या वरच्या हिशेबात तो वजा केलेला नाही. बिझनेस क्लासची सीट जागा जास्त घेते, म्हणून तिच्यावर दुपटी-तिपटीने भार धरतात. विमान सरळ रेषेत उडत नाही, वळसे घेते, उतरण्याआधी घिरट्या घालते. त्यासाठी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, जिला आयकाओ म्हणतात, ती एवढ्या अंतराला आणखी 100 किलोमीटर जोडते. आणि सर्वांत मोठी गोम अशी की काही जण फक्त विमानात जळलेले इंधन मोजतात, तर काही जण ते जमिनीतून काढणे, शुद्ध करणे, विमानतळापर्यंत आणणे हेही धरतात. मग 3.16 चा आकडा 3.8 च्या पुढे जातो. गूगल दुसऱ्या पद्धतीने मोजते, आयकाओ पहिल्या. दोघेही खोटे बोलत नाहीत.

दोघांच्याही आकड्यात न येणारी एक गोष्ट मात्र आहे. उंचावरच्या थंड हवेत विमानामागे पांढरी रेघ उमटते, लहानपणी आपण बोट दाखवून मोजायचो ती. काही वेळा ती रेघ पसरून पातळ ढग होते आणि जमिनीची उष्णता वर जाऊ न देता अडवते. जगाच्या कार्बन डायऑक्साइडमध्ये विमानांचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास आहे, पण या रेघा आणि इतर वायू धरले तर तापमानवाढीतला त्यांचा वाटा साडेतीन टक्के भरतो. या रेघांचे गणित कच्चे आहे, म्हणून तिकिटावर ते छापत नाहीत.

विमान हा प्रवासाचा एक भाग झाला. हॉटेल, जेवण, बस, खरेदी सगळे धरून 2019 मध्ये जगभरच्या पर्यटनाचा वाटा एकूण उत्सर्जनाच्या 8.8 टक्के होता, असे 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात निघाले. मक्केतल्या मुक्कामाचाही हिशेब याच रीतीने होतो. खोलीतला एसी चोवीस तास चालतो. नळाला येणारे पाणी समुद्राचे खारे पाणी गोडे करून, किनाऱ्यावरच्या शुऐबाहून डोंगर चढवून आणलेले असते, आणि त्यामागे तेल किंवा वायू जळतो. दुसऱ्या बाजूला, मिना, अरफात आणि मुजदलिफा जोडणारी मेट्रो 2010 पासून आहे आणि 2018 पासून मक्का-जेद्दा-मदीना विजेची वेगवान रेल्वे धावते. मदीनेला बसऐवजी तिने गेले तर वेळ वाचतो आणि धूरही कमी. तिकीट थोडे महाग, पण नानींचे गुडघे पाहता तेच बरे.

इथे आमच्या मेहुण्यांनी हरकत घेतली. "हज-उमऱ्याला पर्यटन म्हणता? इबादत आहे ती." हरकत योग्य आहे, आमच्याही कानाला ते खटकते. पण आकडेवारीच्या पुस्तकात, वर्षाहून कमी काळासाठी आणि तिथे नोकरी न करण्यासाठी गेलेला प्रत्येक जण पर्यटकच धरला जातो. जियारतवालाही आणि लग्नाला आलेला पाहुणाही. अल्लाहजवळ नियत वेगळी लिहिली जाते, यात शंका नाही. इंजिनाला नियत कळत नाही, एवढेच.

एक काळ होता, मुंबईहून जहाजे जायची. आमच्या दादांनी साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम करून मग जहाज गाठले होते. ट्रंक, अंथरूण, तांदूळ सगळे बरोबर. 1995 पासून हाजींची जहाजे बंद झाली. त्या प्रवासाच्या आठवणी गोड वाटतात, पण ती जहाजेही तेलावरच चालत आणि दिवसच्या दिवस ज्यांना उलट्या झाल्या त्यांना त्या गोड वाटत नसत. मागे जाण्याचा सल्ला आम्ही देणार नाही.

मग हा हिशेब करायचाच कशाला? जून 2024 मधला हज आठवा. मस्जिदे हराममध्ये पारा 51.8 अंशांवर गेला आणि 1,301 जण दगावल्याचे सौदी सरकारने सांगितले. बहुतेक जण परवान्याविना आलेले, सावलीविना लांबलांब चाललेले गरीब लोक होते. हजची तारीख दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, त्यामुळे पुढची काही वर्षे ती थंड महिन्यांत जाईल. 2050 च्या सुमारास हज पुन्हा भर उन्हाळ्यात येईल. आमच्या भाचीची मुलगी आज चार वर्षांची आहे. तेव्हा ती तिशीला पोहोचलेली असेल, इन्शाअल्लाह, आणि अरफातच्या मैदानात उभी असेल. तिच्या डोक्यावरचे ऊन आज ठरते आहे.

हा धूर कोणाच्या खात्यात मांडायचा, हेही नीट ठरलेले नाही. 1997 च्या क्योटो करारापासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांचे उत्सर्जन कोणत्याच देशाच्या एकूण बेरजेत धरत नाहीत. ते वेगळे लिहून ठेवायचे आणि बंदोबस्त आयकाओने करायचा. आपले मुंबई-जेद्दा विमान ना भारताच्या बेरजेत, ना सौदीच्या. आयकाओची भरपाई योजना 2016 मध्ये ठरली, भारताला ती 2027 पासून लागू होते. तीही मुख्यतः दुसरीकडे कोणी धूर कमी केल्याची प्रमाणपत्रे विकत घेण्यावर उभी आहे. तिकिटाबरोबर काही रुपये जास्त देऊन झाड लावण्याचा पर्याय येतो ना, त्याच वळणाचे. झाड लावणे सवाबचे काम आहे, ते जरूर लावावे. पण आपला धूर आज हवेत जातो आणि रोपाला तो शोषायला दशके लागतात, तेही ते जगले तर. एखादा कफ्फारा अदा करून मोकळे व्हावे तसे यातून मोकळे होता येत नाही, असे आमचे मत आहे.

आणि सगळ्यांना एका मापाने मोजणेही अन्यायाचे. 2018 मध्ये जगातल्या फार तर 11 टक्के लोकांनी विमानात पाऊल टाकले होते आणि जेमतेम एक टक्का लोकांच्या फेऱ्यांतून विमानांचा निम्मा धूर निघाला, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. कोकणातल्या आमच्या गावातला मुलगा कुवेतहून दोन वर्षांनी एकदा आईला भेटायला येतो. त्याच्यापुढे हा आकडा धरण्याची आमची हिंमत नाही आणि इच्छाही नाही. आयुष्यात एकदाचा फर्ज हज करणाऱ्यापुढेही नाही. प्रश्न तिसऱ्या-चौथ्या फेरीचा आहे, आणि फेरीला जोडलेल्या शेपटाचा.

आमच्या घरी ते शेपूट तुर्कीचे होते. अर्तुग्रुल मालिका पाहिल्यापासून मेहुण्यांना इस्तंबूलची ओढ लागली आहे. ‘उमरा विथ तुर्की’ असे पॅकेज त्यांनी आणलेही होते: मुंबईहून इस्तंबूल, तिथून जेद्दा, मग परत. भाचीने अंतरे जोडली. मुंबई-इस्तंबूल 4,800, इस्तंबूल-जेद्दा 2,400, परतीचे 3,500. एकूण 10,700 किलोमीटर, सरळ जाण्या-येण्याच्या 7,000 ऐवजी. वरच्याच हिशेबाने माणशी अडीचशे किलो जास्त. आम्ही पाच जण जाणार, म्हणजे तीस सिलिंडर. नानी इतका वेळ गप्प होत्या. "तीस सिलिंडर मी अडीच-तीन वर्षांत जाळते," त्या म्हणाल्या, "आणि तेव्हा घरातले कोणी उपाशी झोपत नाही. तुम्ही तीन दिवसांत जाळणार, मशिदी बघायला."

तिकिटे सरळ जेद्दाची काढली, इकॉनॉमीची. मधे कुठे उतरून विमान बदलायचे नाही, कारण विमानाला सर्वांत जास्त इंधन वर चढताना लागते आणि दोनदा चढायचे म्हणजे दोनदा जाळायचे. मुक्काम दहाऐवजी पंधरा दिवसांचा केला. पुन्हा लवकर यायचे नाही तर या वेळी पोटभर राहू, असे नानींचे म्हणणे. पाच दिवसांचा एसी वाढला, हे भाचीने लगेच दाखवून दिले, पण ते पुन्हा एका फेरीपेक्षा कितीतरी कमी आहे. जमजमचा माणशी पाच लिटरचा कॅन येईल. नानींच्या दुसऱ्या कॅनवर मात्र अजून वाटाघाटी चालू आहेत. वजन वाढले की इंधनही थोडे वाढते, हे त्यांना सांगण्याची जबाबदारी कोणी घ्यायला तयार नाही. मेहुण्यांनी तुर्कीचे माहितीपत्रक फाडलेले नाही, ते कपाटात ठेवून दिले आहे.