नोंदवहीतला विजेता आणि आठवणीतला विजेता

मराठीत खेळांविषयी कमी लिहिले गेले आहे, असे म्हणता येणार नाही. बाळ ज. पंडितांनी क्रिकेटचे समालोचन मराठीत आणले, वि. वि. करमरकरांनी दैनिकातील क्रीडापानाला प्रतिष्ठा दिली, शिरीष कणेकर आणि द्वारकानाथ संझगिरी यांनी क्रिकेटवर ललित अंगाने लिहिले. कुस्तीची परंपरा तर त्याहून जुनी आहे. मात्र यंत्रावर स्वार होऊन खेळल्या जाणाऱ्या खेळांकडे आपल्या लेखनाने जवळजवळ पाठच फिरवलेली दिसते. धावते ते यंत्र आणि माणूस नुसता बसलेला असतो, असा काहीसा समज त्यामागे असावा. मोटोक्रॉस या खेळाच्या इतिहासातील एक प्रकरण येथे मांडायचे आहे, ते हा समज दूर करण्यासाठी; आणि त्याहीपेक्षा, साहित्याच्या अभ्यासकाला आपला वाटावा असा एक प्रश्न त्यात दडलेला आहे म्हणून. विजेता कोण हे नोंदवही ठरवते की कथन?

मोटोक्रॉस म्हणजे मोटारसायकलींची मातीवरील शर्यत. १९२४ साली इंग्लंडमध्ये कॅम्बर्ली येथे अशा शर्यतीचे बीज पडले. 'मोटोक्रॉस' हे नाव मात्र पुढे फ्रेंच वळणाने रूढ झाले. १९४७ साली नेदरलँड्समधील वासेनार येथे राष्ट्रसंघांची पहिली स्पर्धा झाली व ती ब्रिटनने जिंकली. १९५७ पासून ५०० सीसी गटाला आणि १९६२ पासून २५० सीसी गटाला जागतिक अजिंक्यपदाचा दर्जा मिळाला. त्यापुढचा इतिहास बहुधा आकड्यांतच सांगितला जातो : बेल्जियमच्या जोएल रोबेरची सहा विश्वविजेतेपदे, त्याचाच देशबांधव रॉजर डी कोस्टर याची पाच, इटलीच्या अंतोनियो कैरोलीची नऊ, बेल्जियमच्याच स्टेफान एव्हर्ट्सची दहा. हे आकडे खरे आहेत, पण त्यांतून खेळ दिसत नाही.

खेळ दिसतो तो मातीत. चाळीसएक स्वार एका ओळीत उभे राहतात, समोरचे फाटक पडते आणि सगळे एकाच अरुंद वळणाकडे झेपावतात. पहिल्या फेरीला जी जमीन असते ती दहाव्या फेरीला उरत नाही. चाकांनी चर पडतात, वळणावर बांध साचतो, सपाट भागावर लाटा उठतात. एकदा चरात चाक गेले की त्याच रेषेने जावे लागते. बाहेर पडायचे तर कुठे आणि केव्हा, हे क्षणार्धात ठरवावे लागते. आपल्याकडे 'चाकोरी' हा शब्द आता केवळ रूपक होऊन बसला आहे. चाकांनी पडलेली ती खोल वाट म्हणजे काय, हे विसरूनच आपण चाकोरीबाहेरच्या कवितेविषयी बोलतो. मोटोक्रॉसमध्ये त्या शब्दाला त्याचा मूळ अर्थ परत मिळतो. बसणे तर येथे फारसे नसतेच. स्वार बराच वेळ पायखुंट्यांवर उभा असतो आणि मांड्या, कंबर व मनगटे अखंड राबत असतात.

आता त्या प्रकरणाकडे येतो. त्याचा एक धागा आपल्या ओळखीचा आहे. ज्यांनी 'जावा' किंवा 'येझदी' पाहिली आहे, त्यांना तिचा विशिष्ट आवाज आठवेल. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६० च्या दशकाच्या आरंभापासून १९९६ पर्यंत तयार झालेल्या या गाड्यांचे मूळ चेकोस्लोव्हाकियात होते. तेथेच स्ट्राकोनित्से या गावी जावाच्या भावकीतली दुसरी कंपनी होती, चेझेट. मूळची शस्त्रे बनवणारी ही कंपनी १९६० च्या दशकात मोटोक्रॉसची सम्राज्ञी झाली. रोबेरने १९६४ साली आपले पहिले विश्वविजेतेपद चेझेटवरच मिळवले. पूर्व जर्मनीचा पाउल फ्रीडरिक्स १९६६ ते १९६८ अशी सलग तीन वर्षे ५०० सीसी गटाचा विजेता ठरला, तोही चेझेटवर. १९६५ साली या खेळात पहिला सोव्हिएत विश्वविजेता झालेला व्हिक्टर आर्बेकोव्ह हाही चेझेटचाच स्वार होता. चेक यंत्रावर सोव्हिएत विजेता, ही गोष्ट त्या वेळी कोणाला खटकली नसावी. पण तीनच वर्षांनी, ऑगस्ट १९६८ मध्ये, सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले आणि अशा सगळ्याच गोष्टींचा अर्थ बदलला. १९६९ साली स्टॉकहोम येथे चेक संघाने आइस हॉकीत सोव्हिएत संघाला दोनदा हरवले, तेव्हा प्रागमधील लोक रस्त्यावर उतरले ते केवळ हॉकीसाठी नव्हे.

१९७४ साली २५० सीसी गटाचे अजिंक्यपद स्वित्झर्लंडमधील वोलेन येथील अखेरच्या स्पर्धेवर येऊन ठेपले. एका बाजूला चेझेटवर स्वार झालेला यारोस्लाव्ह फाल्टा, दुसऱ्या बाजूला ऑस्ट्रियाच्या केटीएम कंपनीच्या गाडीवरचा सोव्हिएत स्वार गेन्नादी मोइसेयेव्ह. फाल्टाने त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या कोलिझियम मैदानातील मोठी शर्यत जिंकून अमेरिकेलाही आपली ओळख करून दिली होती. वोलेनच्या निर्णायक शर्यतीत मोइसेयेव्हच्या सहकाऱ्यांनी फाल्टाला मुद्दाम अडवले, त्याच्या अंगावर गाड्या घातल्या, असे फाल्टाच्या बाजूचे लोक सांगत आले. तो पडला, उठला आणि तरीही शर्यत जिंकला. विजेतेपद त्याचे झाले, असे मैदानावरच्या साऱ्यांनी गृहीत धरले. त्यानंतर तक्रार दाखल झाली : फाल्टा सुरुवातीला वेळेआधी निघाला. पंचांनी ती मान्य करून त्याला एका मिनिटाचा दंड केला. त्यामुळे तो खालच्या क्रमांकावर घसरला आणि अजिंक्यपद मोइसेयेव्हकडे गेले. केटीएमचे ते पहिले जागतिक अजिंक्यपद. फाल्टाला विश्वविजेतेपद पुढे कधीच मिळाले नाही.

नोंदवहीत त्या वर्षापुढे मोइसेयेव्हचे नाव आहे आणि ते तसेच राहील. पण या खेळाच्या रसिकांना विचारा, ते १९७४ हे फाल्टाचे वर्ष म्हणून सांगतील. असे दोन विजेते एकाच वेळी नांदतात. आपल्याला हे नवे नाही. गावच्या जत्रेतल्या एखाद्या वादग्रस्त कुस्तीचा निकाल पंचांनी दिलेला असतो, इनामही वाटून झालेले असते. तरी पारावर तीच कुस्ती पिढ्यान्‌पिढ्या पुन्हा लढली जाते आणि दर वेळी निकाल वेगळा लागतो. 'पाठ लागलीच नव्हती' हे एक वाक्य पुढची चाळीस वर्षे जिवंत राहते.

अशा जागी लेखकाची खरी कसोटी असते असे मला वाटते. फाल्टाची कथा आयत्या साच्यात बसते : लहान देश, बलाढ्य शेजारी, गुणी वीर आणि त्याच्यावर झालेला अन्याय. या साच्यासाठी एक खलनायक लागतो व तो मोइसेयेव्हच्या रूपाने तयार मिळतो. परंतु हाच मोइसेयेव्ह पुढे १९७७ आणि १९७८ साली पुन्हा विश्वविजेता झाला. तेव्हा तक्रार नव्हती, दंड नव्हता. म्हणजे तो अस्सल दर्जाचा स्वार होता. आपल्या पहिल्या विजेतेपदावर कायमची सावली पडलेली असताना तो पुढची वर्षे शर्यतीत उतरत राहिला, ही गोष्ट फाल्टाच्या दुःखाइतकीच लिहिण्याजोगी नाही का? पंचांनी निर्णय दिला तो त्याच्या हातचा नव्हता, आणि त्या काळच्या सोव्हिएत खेळाडूला विजेतेपद नाकारण्याची मुभा कितपत असेल, याचा विचार या कथेत क्वचितच केला जातो. मोइसेयेव्ह २०१७ साली वारला, फाल्टा २०२२ साली. दोघांनाही न्याय देणारे कथन म्हणजे पंचांचा निकाल निमूटपणे उतरवणे नव्हे आणि तो उलटवून आपण दुसरा निकाल देणेही नव्हे.

आपल्याकडच्या क्रीडालेखनाचे दुखणे येथे स्पष्ट होते. आपण एक तर आकडे देतो किंवा गौरवगाथा लिहितो. महाविद्यालयीन नियतकालिकांतील खेळाडूंवरचे लेख पाहावेत : आरंभी गरिबी, मध्यंतरी जिद्द, शेवटी चषक. प्रतिस्पर्ध्याला त्यात नाव नसते आणि हरलेल्याला जागा नसते. जिंकणे म्हणजे काय, ते कोण ठरवते, हा प्रश्न ज्या लेखनात उद्भवतच नाही, त्याला चरित्र म्हणावे की प्रशस्तिपत्र, याचा निर्णय वाचकांनीच करावा.

आणि मोटोक्रॉसच्या बाबतीत तर आपण आकड्यांपर्यंतही पोहोचलेलो नाही. बेंगळुरूचा सी. एस. संतोष याच मातीच्या शर्यतींतून वर आला आणि २०१५ साली डाकार रॅली पूर्ण करून ३६वा आला. केरळच्या हरित नोआने २०२४ साली त्याच डाकार रॅलीत 'रॅली २' हा वर्ग जिंकला. त्याच्याही पाठीशी राष्ट्रीय सुपरक्रॉसमधली वर्षे होती. जानेवारी २०२४ मध्ये इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी पुण्यात झाली, कोल्हापूरच्या मोहित्यांचा संघ तीत उतरला. पुणे आणि कोल्हापूर या भागांत या खेळाचा नाद त्याच्याही आधीपासूनचा आहे. पण त्या आधीच्या वर्षांत येझदी किंवा राजदूतचे मडगार्ड काढून, सायलेन्सर कापून मातीत उतरलेल्या स्वारांची हकिगत मराठीत कोठे वाचायला मिळते? फाल्टाला निदान नोंदवही तरी होती, जिच्याशी भांडता येते. आपल्याकडे नोंदही नाही आणि कथनही नाही. जे आहे ते गॅरेजमधल्या गप्पांत आहे, आणि त्या गप्पा मारणारी माणसे म्हातारी होत चालली आहेत.

हे मी पालीहून लिहितो आहे. ही अष्टविनायकांतली पाली नव्हे, रत्नागिरी तालुक्यातली. मुंबई-गोवा महामार्गावरून कोल्हापूरकडे, आंबा घाटाच्या दिशेने वळणारी वाट इथून फुटते. येथे शर्यतीचे मैदान नाही. मात्र जांभ्याचा तांबडा धुरळा, पावसाळ्यात त्याचा होणारा निसरडा चिखल, उतारावर पाण्याने पडलेले चर आणि त्यांतून दुचाकी काढणारी माणसे येथे रोजची आहेत. कोणत्या मातीत चाक रुतते, कोणत्या मातीत घसरते, हे त्यांना ठाऊक असते व ते सांगायला त्यांच्याजवळ शब्दही असतात. मुरूम, रेव, फुफाटा, राड, दलदल असे मातीचे इतके भेद करणाऱ्या भाषेला मातीच्या शर्यतीचे वर्णन अवघड जाईल, हे मला पटत नाही. शब्द आहेत, ते कामाला लावले गेलेले नाहीत, इतकेच.

म्हणून मराठीच्या अध्यापकांना एक सुचवावेसे वाटते. मौखिक इतिहासाचा प्रकल्प म्हटला की आपण विद्यार्थ्यांना ओव्या आणि लोककथा गोळा करायला पाठवतो. ते योग्यच आहे. पण त्यांतील दोघाचौघांना आपल्या तालुक्याच्या गावातील जुन्या गॅरेजमध्येही पाठवावे. कोण कोणत्या शर्यतीला गेले, कोणती गाडी कशी बदलली, कोण पडले, कोणाला पंचांनी बाद केले, हे त्यांनी सांगणाऱ्याच्या शब्दांत उतरवून घ्यावे. एकाच शर्यतीच्या दोन हकिगती जुळल्या नाहीत, तर दोन्ही ठेवाव्यात आणि प्रत्येकीखाली सांगणारा त्या दिवशी कोणत्या बाजूला उभा होता, ते लिहून ठेवावे.