विश्लेषण : शंभरी न भरलेल्या जुन्या वस्तूंना वाली कोण?

आजोबांच्या काळातील जर्मन घड्याळ, बेल्जियमचा आरसा, व्हिएन्ना धाटणीची वेताची खुर्ची... वाडा पाडताना अशा वस्तू भंगाराच्या भावात जातात आणि पुढे शहरातील अँटिक दुकानात त्यांना मोठी किंमत येते. यातील कशाला कायद्याचे संरक्षण आहे आणि सेवाग्रामचा या प्रश्नाशी काय संबंध, याचा आढावा.

पुरावस्तू कशाला म्हणायचे?

१९७२ चा ‘अँटिक्विटीज अँड आर्ट ट्रेझर्स ॲक्ट’ हा याबाबतचा मुख्य कायदा आहे. किमान १०० वर्षे जुनी शिल्पे, चित्रे, नाणी, कारागिरीचे नमुने आणि ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तू ‘पुरावस्तू’ ठरतात. महत्त्वाची हस्तलिखिते आणि कागदपत्रे यांच्यासाठी ही अट ७५ वर्षांची आहे. वस्तू भारतातच घडलेली असावी, असे बंधन व्याख्येत नाही. त्यामुळे शंभरी ओलांडलेले युरोपीय कपाटही पुरावस्तू ठरू शकते.

घरातील वस्तू विकता येते का?

अशी वस्तू बाळगणे गुन्हा नाही. सक्तीची नोंदणी शिल्पे, चित्रे, सचित्र हस्तलिखिते अशा ठरावीक प्रकारांनाच लागू आहे. साधी खुर्ची, घड्याळ वा आरसा त्यांत येत नाही. मात्र पुरावस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय करायचा तर परवाना लागतो. खासगी व्यक्तीला पुरावस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही. त्यासाठी सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि दंडाची तरतूद आहे.

चंदीगडच्या खुर्च्यांचे काय झाले?

जिनिव्हात जन्मलेले वास्तुकार पिएर जॅनरे यांनी १९५० च्या दशकात चंदीगडमधील सरकारी कार्यालयांसाठी सागवान आणि वेताचे फर्निचर घडवून घेतले. पुढे ते जुनाट म्हणून लिलावात किरकोळ भावाने निघाले आणि युरोप-अमेरिकेतील लिलावगृहांत लाखो रुपयांना विकले जाऊ लागले. केंद्रीय गृह मंत्रालयाने २०११ मध्ये अशा विक्रीवर बंदी घातली. पण या खुर्च्यांचे वय १०० वर्षांपेक्षा बरेच कमी. त्यामुळे पुरावस्तू म्हणून त्या परदेशातून परत मागता येत नाहीत आणि लिलाव सुरूच राहतात.

सेवाग्रामला याची झळ कशी?

महात्मा गांधी ३० एप्रिल १९३६ रोजी वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले. म्हणजे आश्रमात त्यानंतर घडलेली कोणतीही वस्तू २०३६ पूर्वी शंभरी गाठणार नाही. आश्रमातून गांधीजींचा चष्मा नाहीसा झाल्याचे २०११ मध्ये उघड झाले होते. चोरीसाठी फौजदारी कायदा आहेच. पण वस्तू एकदा परदेशी बाजारात पोहोचली की पुरावस्तू कायद्याचा आधार उरत नाही.

बाजारातील मागणीचा अंदाज दोन लिलावांवरून येतो. मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्कला गांधीजींचे झेनिथ बनावटीचे स्विस खिशातले घड्याळ, चष्मा, चपला, वाटी आणि ताट विक्रीला निघाले. दिल्ली उच्च न्यायालयाची स्थगिती असूनही लिलाव झाला आणि विजय मल्या यांनी १८ लाख डॉलरना या वस्तू घेतल्या. ऑगस्ट २०२० मध्ये ब्रिस्टलच्या लिलावगृहात गांधीजींचा म्हणून विकलेला चष्मा २ लाख ६० हजार पौंडांना गेला. घड्याळ स्वित्झर्लंडचे असले तरी किंमत आली ती ज्याच्या कमरेला ते लटकत होते त्याच्यामुळे.

संग्राहकाने आणि विक्रेत्याने काय पाहावे?

- खुर्चीच्या बैठकीखाली किंवा घड्याळाच्या यंत्रावर कारखान्याचा शिक्का शोधा. व्हिएन्नाच्या थोनेट कंपनीच्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्यांच्या नकला पुष्कळ झाल्या. केवळ आकारावरून वय ठरत नाही.
- जुनी पॉलिश खरवडू नका. वापराच्या खुणा हाच वयाचा पुरावा असतो.
- हस्तिदंताचे जडावकाम असल्यास वन्यजीव संरक्षण कायदा आड येतो. त्याचा व्यापार बेकायदा आहे.
- वस्तू परदेशी न्यायची असल्यास ती पुरावस्तू नाही, असे प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घ्या.

मग उपाय काय?

कायद्यातील वयाची अट बदलेपर्यंत खरे संरक्षण नोंदीचेच आहे. वस्तूचे छायाचित्र, मोजमाप, शिक्का आणि ती घरात कशी आली याची चार ओळींची माहिती लिहून ठेवावी. चोरीला गेलेली वस्तू आपलीच आहे, हे सिद्ध करताना हीच नोंद कामी येते. आश्रमासाठी हे जितके खरे, तितकेच हिंगणघाट वा आर्वीतील जुन्या घरासाठीही.