ओळखीच्या विनोदाचा दिलासा आणि आपली समीक्षा

मराठी विनोदाचा विचार आपल्या विभागांतून होतो तेव्हा तो श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, गडकरी, चिं. वि. जोशी, अत्रे, पु. ल. देशपांडे या ठरलेल्या वाटेने जातो आणि छापील पानापाशी येऊन थांबतो. दूरचित्रवाणी मालिकेतील विनोदी व्यक्तिरेखा हा प्रबंधाचा विषय होऊ शकेल, असे एखाद्या विद्यार्थ्याने सुचविले, तर 'हा विषय प्रसारमाध्यमांच्या अभ्यासकांचा' असा शेरा त्याच्या पदरी पडतो. प्रस्तुत लेखकास हा शेरा मराठी विनोदाच्या इतिहासाशीच विसंगत वाटतो.

कारण एकाच विनोदी पात्राला पुन्हा पुन्हा वाचकांपुढे आणण्याची रीत दूरचित्रवाणीने शोधून काढलेली नाही. कोल्हटकरांनी सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या या त्रयीला लेखामागून लेखांत वावरू दिले. पुढे चिं. वि. जोशी यांनी चिमणराव आणि गुंड्याभाऊ या जोडीला मराठी घरात कायमचे बिऱ्हाड मिळवून दिले. 'एरंडाचे गुऱ्हाळ' (1932) आणि 'चिमणरावांचे चऱ्हाट' (1933) हे संग्रह हाती धरणाऱ्या वाचकाची उत्सुकता कोणत्या जातीची होती? चिमणरावांचा बेत फसणार, हे त्याला आधीच ठाऊक असे. तो कसा फसतो, एवढेच पाहावयाचे असे. 1940 साली मास्टर विनायकांच्या 'लग्न पहावे करून' या चित्रपटातून ही जोडी पडद्यावर आली आणि एकोणीसशे सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनने तिला दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या रूपाने घराघरांत पोहोचविले. माध्यम बदलले, परंतु वाचक-प्रेक्षकाचा पात्राशी असलेला करार तोच राहिला.

या कराराला आपल्या समीक्षेत प्रतिष्ठित नाव नाही. असलेले नाव निंदाव्यंजक आहे: 'साचेबंद'. व्यक्तिरेखेचा विकास झाला पाहिजे, ती शेवटी निराळी होऊन बाहेर पडली पाहिजे, हा कादंबरीचा निकष आपण विनोदालाही लावीत आलो. ई. एम. फॉर्स्टर यांच्या 'आस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल' (1927) या ग्रंथातून सपाट आणि गोल पात्रांचा भेद आपण उचलला आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतून तो गुळगुळीत केला. मात्र सपाट पात्रे येताक्षणीच ओळखू येतात, ती स्मरणात सहज टिकतात आणि विनोदी असतात तेव्हाच ती सर्वाधिक शोभतात, हे फॉर्स्टर यांचे म्हणणे उचलावयाचे राहून गेले. चिमणराव शहाणे झाले असते तर पुढची कथा संभवलीच नसती.

येथे आणखी एक भेद करणे अगत्याचे आहे. 'व्यक्ती आणि वल्ली' (1962) मधील माणसे आपल्या परिचयाची झाली ती पुनर्वाचनाने. त्यांतील प्रत्येकाचे चित्र पुस्तकात एकदाच रेखाटलेले आहे. मालिकेत मात्र माणूस तोच राहतो आणि प्रसंग नवा येतो. पहिला परिचय संहितेशी आहे, दुसरा स्वभावाशी. दिवसभराच्या श्रमानंतर मनुष्य ज्या दिलाशाकरिता मालिकेकडे वळतो, तो या दुसऱ्या परिचयातून येतो. बाहेरच्या जगात उद्याची शाश्वती नसते. या घरात निदान कोण काय बोलेल, याची असते.

'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका या दृष्टीने फार उद्बोधक आहे. प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी' या लेखनावरून घेतलेली आणि केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका 2001 मध्ये तेव्हाच्या अल्फा मराठी वाहिनीवर सुरू झाली. आबा, शेखर, श्यामला, शिऱ्या आणि शलाका अशा तीन पिढ्यांच्या या घरात फारसे काही घडत नाही, आणि जे घडते ते आबांच्या रोजनिशीच्या धाग्यात ओवले जाते. चिमणरावांच्या कथाही प्रथमपुरुषी निवेदनातच आहेत. तथापि चिमणराव आपली फजिती गंभीर चेहऱ्याने सांगतात आणि आपण हसण्याचा विषय आहोत याची त्यांना गंधवार्ताही नसते. वाचक हसतो तो निवेदकाच्या डोक्यावरून. आबांना मात्र सारे उमगलेले आहे, म्हणून आपण त्यांच्यासह हसतो. चिमणराव पडद्यावर येताच निवेदकाची जागा कॅमेऱ्याने घेतली आणि त्या अजाणतेपणाचा मोठा भार नटाच्या मुद्राभिनयावर पडला. टिपऱ्यांच्या बाबतीत रोजनिशीमुळे निवेदकाचा दृष्टिकोन पडद्यावरही बराचसा शाबूत राहिला. निवेदनशास्त्राच्या अभ्यासकास याहून चांगला तुलनेचा विषय क्वचितच मिळेल. दोन्ही भूमिका एकाच नटाच्या, हा योगायोग नव्हे. प्रेक्षकाची ओळख नटाच्या देहातूनही प्रवास करीत असते.

आता या दिलाशाची दुसरी बाजू. नाशिकच्या महाविद्यालयांत शिकविताना समोर पेठ, सुरगाणा, कळवण, बागलाण या तालुक्यांतून आलेली मुले-मुली बसलेली असतात. चिमणरावांचे पांढरपेशे पुणे किंवा टिपऱ्यांची बैठकीची खोली त्यांच्या घरासारखी नाही. तरीही ती हसतात. स्वतःला मोठे समजणारा आणि प्रत्येक वेळी लहान ठरणारा वडीलधारा प्रत्येक पाड्यावर भेटतो. म्हणजे ओळख घराची नसते, स्वभावाच्या वळणाची असते. मध्यमवर्गीय विनोद केवळ मध्यमवर्गाचाच, हा आक्षेप म्हणूनच अर्धवट आहे. तो पुरता खोटा मात्र नाही. ज्या कार्यक्रमात अहिराणी किंवा कोकणी बोलीचा हेल कानी पडताच हशा अपेक्षित असतो, तेथे स्वभाव बाजूस राहतो आणि बोलणाराच विनोदाचे साधन होतो. असा विनोदही पुनरावृत्तीनेच ओळखीचा झालेला असतो. मात्र त्याचा दिलासा ज्याला त्या बोलीत घरी बोलावे लागत नाही, त्यालाच मिळतो. परिचित विनोदाची प्रतवारी करावयाची तर ती येथे करावी, लोकप्रियतेच्या आकड्यांवर नव्हे.

भरताने हास्याचे स्मितापासून अतिहसितापर्यंत सहा प्रकार सांगून उत्तम, मध्यम आणि अधम प्रकृतींना प्रत्येकी दोन वाटून दिले. ही उतरंड आज कोणी मानू नये. परंतु टिपरे पाहताना येणारे स्मित आणि प्रहसनांच्या कार्यक्रमांतून मिनिटामिनिटाला मागितले जाणारे अतिहसित, हे दोन निरनिराळे अनुभव आहेत, एवढे त्या परिभाषेने नेमके सांगता येते.

प्रबंधलेखकापुढची खरी अडचण वेगळीच आहे. चिं. वि. जोशी यांचे संग्रह ग्रंथालयात मिळतात. मालिकांच्या पटकथा मिळत नाहीत. ध्वनिचित्रमुद्रण हाती लागले तरी लेखकाने काय लिहिले आणि चित्रीकरणाच्या वेळी काय बदलले, हे त्यावरून उमगत नाही. नाटकाची प्रायोगिक संहिता आपण आवर्जून जपतो. या पटकथांची टंकलिखिते, खाडाखोडींसह, लेखकांकडून मागून घेण्याचे काम एखाद्या मराठी विभागाने अंगावर घेतले, तर त्याला लागणारा खर्च एका चर्चासत्राच्या भोजनखर्चाहून अधिक असणार नाही.