फुकटचं अमरत्व

बोईसरच्या एका गृहस्थांनी ‘ब्रेकिंग डॉन’ या कादंबरीची वकिली करणारं चार पानी टिपण लिहून ओळखीच्यांत वाटलं. त्याची एक झेरॉक्स फिरत फिरत घिवलीला माझ्या हाती आली आणि दुपारची झोप गेली. स्टेफनी मेयर यांच्या ‘ट्वायलाइट’ मालिकेतला हा चौथा भाग. माणूस बेला आणि व्हँपायर एडवर्ड यांची प्रेमकथा त्याने संपवली, २ ऑगस्ट २००८ला. इतक्या वर्षांनीही आपल्या पट्ट्यात कोणी एका कादंबरीच्या शेवटावरून भांडतंय, याचा खरं तर आनंद व्हायला हवा. झाला नाही, कारण टिपणात युक्तिवाद कमी आणि शहाणपणा जास्त आहे.

गृहस्थ म्हणतात, प्रेमकथेचा शेवट गोडच हवा, वाचक त्यासाठीच पैसे मोजतो. पुस्तक धडाधड खपलं, तेव्हा ते चांगलंच असणार. मुली जे वाचतात त्याला नाक मुरडायची समीक्षकांना खोड आहे. शेवटी लढाई होत नाही, ही लेखिकेची प्रगल्भता. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे, व्हँपायर ही मुळातच थाप. थापेत नियम कसले शोधता?

खपाचं आधी उरकतो. पहिल्या २४ तासांत अमेरिकेत १३ लाख प्रती गेल्या, हे खरं. पण साडेसातशे पानं आधी वाचून, पसंत पडली म्हणून कोणी ती विकत घेतली नव्हती. तो खप २००५ ते २००७ या काळात आलेल्या पहिल्या तीन पुस्तकांच्या पुण्याईवर झाला. चौथं वाचून झाल्यावर ‘प्रत दुकानात परत करा’ अशी हाक उठली, आणि ती देणारे या मालिकेचे भक्तच होते. मुलींच्या वाचनाला हसणारे लोक आहेत, हे कबूल. पण फसवणूक झाल्यासारखं वाटून पेटून उठलेल्या मुलींना त्या हसणाऱ्यांच्या रांगेत उभं करणं ही गृहस्थांची खास करामत.

आता थापेतले नियम. हे वाक्य लिहिणाऱ्याला लहानपणी कोणी भुताची गोष्ट सांगितलेली दिसत नाही. १ जूनला मासेमारी बंद होते, होड्या वर ओढल्या जातात आणि किनाऱ्यावर गोष्टींना ऊत येतो. त्यातलं एकही भूत बेशिस्त नसतं. मुंजा आपला पिंपळ सोडत नाही. चकवा माणसाला रात्रभर एकाच जागी फिरवतो, पण उजाडलं की त्याला सोडावंच लागतं. गिऱ्हा पाण्यात ओढतो. तो चुलीपाशी येऊन बसला तर पोरंसुद्धा सांगणाऱ्याची टर उडवतील. वेताळाची अट आठवा: विक्रम बोलला की प्रेत परत झाडावर. एखाद्या रात्री वेताळ म्हणाला असता, ‘जाऊ दे राजा, आज बोललास तरी चालेल,’ तर पंचविशी पहिल्याच गोष्टीत आटोपली असती. भुतावर विश्वास नसलेला माणूसही भुताची गोष्ट ऐकून घाबरतो, तो या अटींमुळेच.

परदेशी भूतंही याला अपवाद नाहीत. स्टोकरच्या १८९७च्या ड्रॅक्युलाला बोलावल्याशिवाय उंबरठा ओलांडता येत नाही आणि आरशात त्याचं प्रतिबिंब पडत नाही. नारायण धारपांनी स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वरून ‘लुचाई’ बेतली. असली उसनी भीती मराठीत खपवून घ्यावी का, यावर एके काळी आमच्यात रात्र-रात्र वाद झडत. माझं तेव्हाही म्हणणं होतं की भूत कुठूनही आणा, फक्त त्याला कायद्यात ठेवा. ज्यांच्याशी भांडलो त्यांतले निम्मे आता टीव्हीवरच्या मालिका बघतात, त्यामुळे तो वाद आपोआपच मिटला.

मेयरबाईंनी जुने नियम मोडले, याबद्दल माझी काडीइतकी तक्रार नाही. त्यांचे व्हँपायर उन्हात जळत नाहीत, चमकतात. चमकू देत! नवे नियम करणं हा लेखकाचा हक्कच. आणि बाईंनी ते उत्तम केले होते. तिसऱ्या ‘एक्लिप्स’मध्ये अमर होण्याचा दर पाटीवर लिहावा इतका स्पष्ट आहे. नव्या व्हँपायरला जवळपास वर्षभर तहानेचं वेड लागतं, समोर कोण आहे हे त्याला कळत नाही. आईबाप कायमचे तुटतात. स्वतः व्हँपायर झालेली रोझाली तर आपली कहाणी सांगून बेलाला बजावते की या देहाला मूल होणार नाही, मी ज्यासाठी झुरते ते तू हाताने टाकते आहेस. शिवाय बेलावर जीव टाकणाऱ्या जेकबचं काळीज मोडणार, ते वेगळंच. हे सगळं डोळ्यांसमोर ठेवून बेला ‘हो’ म्हणते, म्हणूनच तिच्या प्रेमाला वजन येतं.

चौथ्या पुस्तकात हा दर एकेक करून माफ होतो. बेला माणूस असतानाच तिला दिवस राहतात, म्हणजे मूलही पदरात आणि नियमही कागदोपत्री शाबूत. एखाद्या मुरलेल्या वकिलाला सुचावी अशी पळवाट. व्हँपायर होऊन डोळे उघडते तर तहान तिच्या ताब्यात. पहिल्याच शिकारीला माणसाचा वास नाकात शिरतो आणि बाईसाहेब मागे फिरतात! कारण काय, तर मनाची तयारी आधीपासून होती. बाप चार्ली तुटत नाही. अर्धीमुर्धी हकिगत ऐकून घेतो आणि नातीला खेळवायला येतो. जेकबचं दुःख तर एका नजरेत पुसलं जातं, कारण तो बेलाच्या तान्ह्या मुलीशी ‘इंप्रिंट’ होतो, जन्माचा बांधला जातो. अंगावर काटा आणणाऱ्या या प्रकाराला गृहस्थ ‘परीकथेची निरागसता’ म्हणतात. त्यांना साष्टांग नमस्कार.

आपल्याकडे अमरत्व असं फुकट वाटलेलं मला आठवत नाही. अश्वत्थामा चिरंजीव आहे, पण जखमेसाठी तेल मागत हिंडतो. ययातीला तारुण्य परत मिळालं, ते पोटच्या पुरूच्या देहातून काढून. तारापूरच्या नव्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. दिवा लागतो त्याचं बिल कुठेतरी कोणीतरी भरतं, हे आमच्या किनाऱ्यावर कोणाला शिकवावं लागत नाही. बेलाचं बिल कोणी भरलं? शोधून थकलो.

गोड शेवटाचं मला वावडं आहे, असा गृहस्थांचा समज झालेला दिसतो. मग सावित्री घ्या. तिच्याइतका गोड शेवट कोणाचा? पण तो तिला यमाने दया म्हणून दिलेला नाही. नवऱ्याचे प्राण सोडून काहीही माग, असं यम म्हणत गेला; तिने सासऱ्यांची दृष्टी आणि राज्य मागितलं, वडिलांना पुत्र मागितले, मग स्वतःला शंभर पुत्र मागितले. ‘तथास्तु’ तोंडातून गेलं आणि यम स्वतःच्याच शब्दात अडकला. कायदा वाकला नाही, सत्यवान मात्र परत आला. वडाला सूत गुंडाळणाऱ्या बायकांना कथेची ही घडण कळते आणि चार पानं खरडणाऱ्याला कळत नाही, याला काय म्हणावं?

लढाई टाळण्याच्या प्रगल्भतेबद्दल एवढंच: शेकडो पानं देशोदेशीचे व्हँपायर गोळा करायचे, व्हँपायरांवर हुकूम चालवणाऱ्या व्होल्तुरींची फौज बर्फावर आणून उभी करायची, आणि ऐन वेळी दक्षिण अमेरिकेतून, बेलाच्या मुलीसारखाच जन्मलेला, नाहुएल नावाचा साक्षीदार हजर करून सगळ्यांना घरी धाडायचं. २०१२च्या सिनेमावाल्यांनाही हे झेपलं नाही. त्यांनी लढाई घुसवली, मुंडकी उडवली आणि मग सांगितलं की हे नुसतं, पुढचं दिसणाऱ्या ॲलिसने दाखवलेलं भविष्य होतं. एकूण काय, तिथेही वसुली शून्य.

पुस्तकात चांगलं काहीच नाही का? आहे. मधला भाग जेकब सांगतो, त्यात जीव आहे. गर्भ आतून बेलाच्या बरगड्या मोडतोय, घरातले सगळे हतबल, आणि तिला जो नकोय तो पोरगा दारात चडफडत बसलाय. ही पानं मेयर यांनी लिहिलेल्या उत्तम पानांत जमा करावीत अशी आहेत. तिथे प्रत्येक सुखाचा दाम लागतो आहे. चार्लीला कायमचं गमावून बेलाने तेच घर, तोच नवरा आणि तीच मुलगी मिळवली असती, तरी शेवट गोडच राहिला असता. माझी मागणी एवढीच, फार मोठी नाही.

एक गोष्ट मात्र गृहस्थांनी समजावून सांगावी. मालिकेला १० वर्षं झाली तेव्हा, २०१५मध्ये, मेयर यांनी पहिलं पुस्तक पात्रांचं स्त्री-पुरुषपण उलटं करून पुन्हा लिहिलं. २०२०मध्ये ‘मिडनाइट सन’ आलं, तेही पहिलंच पुस्तक, एडवर्डच्या तोंडून. बेला-एडवर्डकडे परतायचं म्हटलं की बाई दोन्ही वेळा पहिल्या पुस्तकाशीच जाऊन थांबल्या, जिथे बेलाला अजून सगळं गमावण्यासारखं होतं.