दिवा लावण्याचा हक्क

हल्लीं आमच्या सुशिक्षित कुटुंबांत असा एक समज दृढमूल होत चालला आहे, कीं राहती सदनिका सुंदर व निवांत व्हावयाची तर ती प्रथम 'स्मार्ट' झाली पाहिजे. दिवे मोबाइलवरून लागावे, पडदे आपोआप सरकावे, धनी घरीं पोंचण्यापूर्वीं खोली गार होऊन राहावी, दाराबाहेर कोण उभें आहे तें कचेरींत बसून दिसावें, आणि हें सर्व तोंडानें हुकूम सोडतांच घडावें. अशी सोय ज्या घरांत नाहीं तें घर मागासलेलें, असें गृहसजावटीच्या जाहिराती सांगतात आणि आम्ही तें निमूटपणें खरें मानतों. सौंदर्य, स्वास्थ्य आणि यंत्रें ह्या तीन निरनिराळ्या गोष्टींची जी ही एकच मोट बांधली गेली आहे, ती सोडून पाहण्याचा आमचा विचार आहे. तसें करतांना कोणाचा राग ओढवला तर तो आम्ही सोसूं.

आम्ही यंत्रांचे वैरी नाहीं, हें आरंभींच सांगितलेलें बरें. आमचें गांव जालना जिल्ह्यांतील आष्टी, तालुका परतूर. आणि दूर बसून यंत्र चालविण्याची कला ह्या मुलखांत दिवाणखान्यांतून नव्हे, तर शेतांतून आली. शेतीपंपांची वीज वर्षानुवर्षें पाळीपाळीनें मिळत आली: कधीं दिवसा आठ तास, तर कधीं रात्रीं दहा तास. (सौर वाहिन्या आल्यापासून कांहीं गांवांना आतां दिवसा वीज मिळूं लागली आहे, ही गोष्ट वेगळी.) मध्यरात्रीं वीज आली कीं शेतकऱ्यानें अंथरूण सोडून विहीर गांठावी, वाटेंत साप कीं विंचू, काय पायाखालीं येईल त्याचा नेम नाहीं. ह्या नडीवर पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनीं 'नॅनो गणेश' नांवाचें उपकरण काढलें. त्याच्या योगानें विहिरीवरचा पंप घरबसल्या मोबाइलवरून चालू-बंद करतां येऊं लागला, आणि २००९ सालीं नोकिया कंपनीच्या स्पर्धेंत त्यास पारितोषिकहि मिळालें. असले मोबाइल स्टार्टर आज शेतकऱ्यास नवीन नाहींत. ते बोलत नाहींत, झगमगत नाहींत, आणि त्यांना कोणी 'जीवनशैली' म्हणत नाहीं. नड होती म्हणून ते आले, आणि नड भागवितात म्हणून राहिले.

आतां दुसरें उदाहरण पाहा. आमचा एक पुतण्या पुण्यास नोकरी करतो. कर्ज काढून त्यानें नवव्या मजल्यावर सदनिका घेतली, सजावटकार नेमला, आणि वास्तुशांतीस आम्हां सर्वांस बोलावलें. घर देखणें होतें, ह्यांत वाद नाहीं. भिंतींचा रंग सायीसारखा, सामान बेताचें, जेवणाच्या मेजावर एकच लोंबता दिवा; भडकपणा कोठेंहि नव्हता. मात्र भिंतीवर बटणें नव्हतीं. त्यांच्या जागीं काळ्या कांचेच्या गुळगुळीत पाट्या होत्या. त्यांवर बोट नेमकें टेकलें तर दिवा लागे, नाहीं तर नाहीं. कोपऱ्यांत एक बोलकी डबी होती. तिला इंग्रजींत हुकूम केला कीं बाकीचें ती करी. पाहुण्यांनीं तिच्याकडून गाणीं म्हणवून घेतलीं, पडदे सरकवून पाहिले, आणि संध्याकाळ मजेंत गेली.

आमच्या वहिनी, म्हणजे त्या मुलाच्या मातोश्री, पुढें पंधरा दिवस तेथें राहिल्या. मुलगा व सून सकाळीं नऊला बाहेर पडत आणि रात्रीं आठला परत येत. एके दिवशीं दुपारीं घरांतील इंटरनेट बंद पडलें. डबी मुकी झाली, पडदे मिटलेले ते मिटलेलेच राहिले, आणि कांचेच्या पाटीला वहिनींचीं कामानें खरखरीत झालेलीं बोटें ओळखूं येईनात. सून घरीं आली तेव्हां वहिनी देवापुढची समई लावून तिच्या उजेडांत भाजी निवडीत बसल्या होत्या. आष्टीस परतल्यावर त्या आम्हांस म्हणाल्या, "भावजी, जलमभर पंधरा माणसांचं घर चालवलं. पर दिवा लावायला कुणाला तरी इचारावं लागंल, असं कधी वाटलं नव्हतं."

पुतण्या वाईट नाहीं. त्यानें हें सर्व आईच्या सोयीसाठींच केलें असें तो सांगतो, आणि त्याच्या बोलण्यावर आमचा विश्वास आहे. म्हणूनच ह्या प्रकाराची आम्हांस अधिक चिंता वाटते. ज्या घरांत वडील माणसास, लहान मुलास, कामाच्या बाईस आणि आल्यागेल्या पाहुण्यास कोणाची विनवणी न करतां दिवा लावतां येत नाहीं, तें घर त्यांचें नव्हे. तीं तेथें राहण्यापुरतीं आलेलीं माणसें. अशा घरास 'निवांत' म्हणणें हें त्या शब्दाची थट्टा करणें होय.

ह्यांत भाषेची गोष्ट लहानसहान नाहीं. अलेक्सा नांवाची प्रसिद्ध डबी २०१७ सालीं भारतांत आली ती इंग्रजी बोलत. हिंदी तिला २०१९ सालापासून येऊं लागलें. गूगलनें २०१८ सालीं आपल्या सहायकास मराठी शिकविली, ती मोबाइलवर. ठीक आहे, उद्यां प्रत्येक डबीस मराठी येईल असें धरून चालूं. परंतु ती कोणती मराठी? आमच्या घरांतील बायका दिवा 'बंद कर' म्हणत नाहींत आणि 'विझव' हा शब्द तर उच्चारीतहि नाहींत. दिवा मालवावयाचा, शांत करावयाचा, किंवा त्याला निरोप द्यावयाचा. हे शब्द डबीस शिकवीत बसण्यापेक्षां डबीला कळतील असे चार शब्द पाठ करणें माणसास सोपें वाटतें, आणि पाहतां पाहतां दिव्याला निरोप देणारी भाषा घरांतूनच निरोप घेते.

पण आमचा मुख्य आक्षेप यंत्रावर नाहीं. ज्या घरावर तें चढविलें जातें त्या घरावर आहे. पुतण्याच्या दिवाणखान्याची भिंत पश्चिमेकडे असून ती छतापासून फरशीपर्यंत कांचेची आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारीं दोननंतर तेथें बसवत नाहीं. म्हणून पडदा, आणि पडदा ओढण्यास मोटार. पडदा ओढला कीं वारा बंद, म्हणून गारव्याचें यंत्र. पडद्यामुळें भर दिवसा अंधार, म्हणून छताच्या कडेनें दिव्यांची माळ. ती माळ दिसूं नये म्हणून प्लॅस्टरचें खोटें छत. आणि त्या छतामुळें आधींच ठेंगणी असलेली खोली आणखी ठेंगणी. आधीं झांकावीच लागेल अशी खिडकी करावयाची, मग तिच्या पापाचें प्रायश्चित्त घेण्यासाठीं एकावर एक यंत्रें विकत घ्यावयाचीं, आणि सरतेशेवटीं त्या सर्वांवर देखरेख करण्यास एक डबी नेमून तिला 'शहाणी' म्हणावयाचें! ह्या साखळींत पहिल्या कडीपाशींच कोणी शहाणपणा केला असता तर पुढच्या सगळ्या कड्यांचा खर्च वांचला असता.

आमच्याकडील जुनें माळवदाचें घर घ्या. दीड-दोन हात जाडीच्या मातीच्या भिंती. वर लाकडी तुळया, त्यांवर किलच व पाला, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. बाहेर पारा बेचाळिसावर गेला तरी दुपारची ती धग भिंतींतून आंत उतरेपर्यंत संध्याकाळ होई, आणि तोंवर माणसें वर माळवदावर अंथरुणें टाकीत. माळवदाला ठेवलेल्या सवण्यांतून उन्हाचा एक कवडसा आंत पडे. तो जमिनीवरून सरकत कोठवर आला हें पाहून बाया दिवसाची वेळ ओळखीत. ओसरीवर म्हाताऱ्यांची बैठक, चौकांत मुलें, आणि दिव्याची देवळी अशा बेतानें ठेवलेली कीं अंधारांतहि हात नेमका तेथेंच जावा. त्या घरांत शोभेसाठीं म्हणून केलेलें फार थोडें असे, आणि तरीहि तें डोळ्यांस निववी.

जुनें तें सर्व सोनें, असें कोणीं आमच्या तोंडीं घालूं नये. माळवद गळतें, मृगापूर्वीं दर वर्षीं त्यावर माती टाकावी लागते, माजघरांत अंधार असतो आणि चुलीच्या धुरानें बायकांचे डोळे जात. आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपांत दगडमातीच्या जड भिंती व त्यांवरचीं मातीचीं छतें कोसळून हजारों माणसें झोंपेंतच गाडलीं गेलीं, हें मराठवाडा कसा विसरेल? तशीं घरें पुन्हा बांधा असें म्हणणारा वेडा ठरेल. परंतु त्या बांधणाऱ्यानें स्वतःस विचारलेले प्रश्न, ऊन कोठून येतें, वारा कोठून येतो, म्हातारें माणूस कोठें टेकेल, हे मात्र भूकंपांत पडले नाहींत.

आणि ते केवळ खेड्यांतलेच प्रश्न होते असेंहि नव्हे. १९३७ सालीं इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स ह्या संस्थेनें मुंबईच्या टाउन हॉलमध्यें 'आयडियल होम' प्रदर्शन भरविलें. नव्या युगाचें घर कसें असावें हें पाहण्यास तेथें लोकांनीं गर्दी केली. त्याच सुमारास आमचे र. श्री. देशपांडे मध्यमवर्गाच्या घरांवर पुस्तकांमागून पुस्तकें लिहीत होते. त्यांचें 'मॉडर्न आयडियल होम्स फॉर इंडिया' १९३९ सालचें. वीज, नळ, न्हाणीघर ह्या नव्या सोयींचें त्यांना वावडें नव्हतें. पण नव्याची ओढ असलेल्या त्या पिढीस उजेड, वारा आणि दिशा ह्या गोष्टी आधीं सुचत व उपकरणें नंतर. आम्हीं तो क्रम उलटा केला आहे.

शिवाय ह्या शहाण्या घराची किल्ली असते कोणाजवळ? २० ऑक्टोबर २०२५, म्हणजे नरकचतुर्दशीच्याच दिवशीं, अमेरिकेंतील व्हर्जिनियाकडच्या अ‍ॅमेझॉनच्या संगणककेंद्रांत बिघाड झाला. त्यासरशीं लोकांच्या घरांतील अलेक्सा गप्प झाली, दारावरचे कॅमेरे थांबले, आणि इंटरनेटवरून ऊबगारवा देणाऱ्या महागड्या गाद्यांवर निजलेल्यांना आपली गादी थंड कीं गरम हें ठरवितां येईना! त्यापूर्वीं 'रिव्हॉल्व्ह' नांवाच्या यंत्राची हकीकत याहून बोधप्रद आहे. तीनशें डॉलर देऊन लोकांनीं तें घेतलें. २०१४ सालीं ती कंपनी दुसऱ्या कंपनीनें विकत घेतली. आणि मे २०१६ मध्यें त्या मालकांनीं आपल्याकडील व्यवस्था बंद करतांच हें यंत्र घरोघर निकामी झालें. मोडलें नाहीं, झिजलें नाहीं. दुसऱ्या कोणाच्या तरी मनांतून उतरलें, एवढेंच. शिसवी कपाट आजोबांकडून नातवाकडे येतें. ह्या वस्तूंना आजोबा होण्याइतकें आयुष्यच नाहीं.

आणि जी डबी हुकमाची वाट पाहत असते ती कान उघडे ठेवूनच बसलेली असते. मुलांच्या आवाजाचे ठसे बेकायदा जपून ठेवल्याच्या आरोपावरून २०२३ सालीं अ‍ॅमेझॉननें अमेरिकन सरकारास अडीच कोटी डॉलर देण्याचें कबूल केलें. आमच्या सर्वोच्च न्यायालयानें २४ ऑगस्ट २०१७ रोजीं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. तो सरकारापासून राखावा म्हणून आम्ही टाळ्या पिटल्या, आणि दिवाणखान्यांत मात्र तो हप्त्यानें विकला.

विरुद्ध पक्षाचें म्हणणें आम्हांस ठाऊक आहे. ज्याचे हातपाय चालत नाहींत त्यास नुसत्या शब्दानें दिवा लावतां येणें ही चैन नव्हे, तें स्वातंत्र्य आहे. येथें आम्ही निःशंकपणें हार मानतों. रात्रीं म्हाताऱ्या माणसानें पाय खालीं टाकतांच न्हाणीघराच्या वाटेवर मंद दिवा लागावा, हें तर प्रत्येक घरांत व्हावें. विजेच्या बचतीचें मात्र तपासून घ्यावें. जुना पंखा सुमारें पंचाहत्तर वॅट खातो आणि नव्या मोटारीचा पंखा अठ्ठावीस. दिवसाला पंधरा तास चालला तर महिन्याकांठीं एकवीस युनिटें वांचतात. पण ही बचत मोटारीच्या घडणींत आहे, मोबाइलवरच्या चित्रांत नाहीं. साध्या बटणावर चालणारा तसा पंखा तितकीच वीज वांचवितो.

म्हणून सदनिका सजविणाऱ्यास आमचें सांगणें असें आहे. भिंतीवरचें बटण काढूं नये. दूरून चालविण्याची पट्टी बसवावयाचीच तर ती बटणाच्या मागें, पेटींत बसवावी, म्हणजे इंटरनेट गेलें तरी हात चालतो. त्यासाठीं प्रत्येक पेटींत न्यूट्रलची तार आधींच ओढून घ्यावी. भिंती रंगविल्यावर ती आठवून उपयोग नाहीं. घरांतल्या घरांत चालणारीं यंत्रें घ्यावीं, परदेशच्या केंद्रास विचारून चालणारीं नव्हेत. आणि सजावटीचा पहिला पैसा पश्चिमेच्या खिडकीवर खर्चावा: सज्जा असेल तर त्यावर वाळ्याचा किंवा बांबूचा पडदा, बाहेरच्या बाजूनें. कारण ऊन कांचेच्या आंत शिरल्यावर अडविणें म्हणजे चोर घरांत शिरल्यावर कडी लावणें. पुतण्यानें आतां तीन खोल्यांत साधीं बटणें बसविलीं आहेत. चौथी खोली, म्हणजे त्याची स्वतःची, अजून 'स्मार्ट' आहे, आणि तिच्याविषयीं आमची तक्रार नाहीं.

गेल्या महिन्यांत आम्ही जालन्यास गेलों असतां एका होऊं घातलेल्या इमारतीच्या कचेरींत सहज डोकावलों. तेथील तरुण गृहस्थांनीं अगत्यानें चहा दिला आणि मोबाइलवर बोट फिरवून नमुन्याच्या सदनिकेंतील दिवे निळे, जांभळे व गुलाबी करून दाखविले. आम्हीं विचारलें, "दिवाणखान्याची खिडकी कोणत्या दिशेला येते?" ते क्षणभर थांबले, आंतल्या माणसास नकाशा आणावयास सांगितलें, आणि तो येईपर्यंत दिवे पुन्हा एकदां निळे केले.